पौर्णिमेनंतरचा रविवार

दिवाळी कधी आहे हे पाहण्यासाठी आपण पंचांग उघडतो. नाताळसाठी ते कोणी उघडत नाही. २५ डिसेंबर ठरलेलाच असतो. त्यावरून ख्रिस्ती सण म्हणजे इंग्रजी तारखांना बांधलेले सण, असा आपल्यापैकी बहुतेकांचा समज झालेला असतो. ईस्टर या समजात बसत नाही. २०२१ साली तो ४ एप्रिलला आला, २०२४ साली ३१ मार्चला, २०२५ साली २० एप्रिलला. २०२६ सालची तारीख ५ एप्रिल. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तो छापलेला असतो. आपण ती ओळ वाचतो, आदल्या शुक्रवारची सुट्टी मोजतो आणि पान उलटतो.

मी भाईंदर पूर्वेला जेसल पार्कात राहते. घरापासून चालत चौपाटीवर गेले की समोर वसईची खाडी, मध्ये पाणजू बेट आणि पलीकडे नायगाव-वसईचा किनारा दिसतो. डाव्या हाताला, पश्चिमेकडे, डोंगरी आणि उत्तन ही गावे. या सगळ्या पट्ट्यात गेली चारशे-साडेचारशे वर्षे ईस्टर साजरा होत आहे, आणि तो साजरा करणाऱ्यांतल्या पुष्कळांच्या घरात मराठी किंवा मराठीची एखादी बोली बोलली जाते. इतिहासाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. नोकरी सांभाळून ग्रंथालयांत बसले, खाडीच्या दोन्ही काठांवरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारत राहिले, त्यातून जे हाती लागले ते येथे मांडते आहे. प्रश्न साधा होता : मराठी माणसाचा ईस्टर किती जुना? शोध घेता घेता लक्षात आले की या सणाचे वय एका आकड्यात सांगता येत नाही. त्याची तिथी एका काळातली आहे, शब्द दुसऱ्या काळातले, आणि ज्या रूपात तो आज आपल्यासमोर दिसतो ते रूप तर अगदी अलीकडचे.

तिथीचे गणित

येशूला क्रुसावर दिले गेले ते यहुद्यांच्या पेसाह सणाच्या वेळी, असे शुभवर्तमाने सांगतात. पेसाह हा निसान महिन्याच्या पौर्णिमेचा सण. यहुदी महिने आपल्या अमान्त महिन्यांसारखेच अमावास्येनंतर सुरू होतात. त्यामुळे पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांपुढे पेच पडला. पौर्णिमा धरायची की वार? आशिया मायनरमधल्या काही मंडळ्या निसानच्या चौदाव्या दिवशीच सण करीत, मग वार कोणताही असो. चर्चच्या इतिहासात त्यांना ‘चौदावा दिवस पाळणारे’ असेच नाव आहे. इतरांचे म्हणणे असे, की येशू उठला तो आठवड्याच्या पहिल्या दिवशी. म्हणून रविवारच हवा. ३२५ साली निकिया येथे भरलेल्या परिषदेने सर्वांनी एकाच रविवारी सण करावा असे ठरवले, आणि पुढे अलेक्झांड्रियाच्या गणितज्ञांची पद्धत रूढ होत गेली. या परिषदेला २०२५ साली १७०० वर्षे झाली.

नियम थोडक्यात असा : २१ मार्च हा वसंतसंपात धरायचा, त्या दिवशी किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा घ्यायची, आणि त्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो २२ मार्चच्या आधी आणि २५ एप्रिलच्या नंतर कधीही येत नाही. यातली पौर्णिमा आकाशात पाहायची नसते, ती कोष्टकावरून काढायची असते. आपली तिथीही गणितानेच येते. कोष्टकाचा पाया १९ वर्षांचे चक्र हा आहे. १९ सौर वर्षांत जवळजवळ नेमके २३५ चांद्रमास बसतात. १२ महिन्यांप्रमाणे १९ वर्षांचे २२८ होतात, राहिले ७. आपल्याकडे १९ वर्षांत साधारण ७ अधिकमास येतात, ते याच हिशेबाने. पंचांगकर्ते आणि चर्चचे गणिती एकमेकांना न भेटता एकाच चंद्राशी झगडत होते, एवढाच याचा अर्थ.

परिणाम असा, की ईस्टरच्या आधीची पौर्णिमा ही आपली चैत्री पौर्णिमा तरी असते किंवा फाल्गुनी. सण मार्चअखेर किंवा एप्रिलच्या अगदी आरंभी आला तर बहुधा आधीच्या आठवड्यात होळी होऊन गेलेली असते. २०१६, २०२१ आणि २०२४ साली तसे झाले. उशिरा आला तर हनुमान जयंतीच्या पाठोपाठ येतो. २०१९ साली गुड फ्रायडे आणि हनुमान जयंती एकाच दिवशी, १९ एप्रिलला होती.

हा फरक पडतो तो सायन-निरयनामुळे. चर्चने संपात धरून ठेवला. जुने रोमन वर्ष खऱ्या वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे होते. ते साठत साठत सोळाव्या शतकात १० दिवसांची चूक झाली. म्हणून पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर ही तारीख आणली. आज आपण सरकारी कामापासून वाढदिवसापर्यंत जे कॅलेंडर वापरतो, ते मुळात ईस्टरची तिथी सुधारण्यासाठी केलेले आहे. आपल्याकडे लोकमान्य टिळक आणि व्यंकटेश बापूजी केतकर यांच्या काळात पंचांगशोधनाचा जो वाद झाला, त्याचीही मुळे अशीच आकाश आणि कागद यांच्यातल्या अंतरात होती. मकरसंक्रांत आणि प्रत्यक्ष उत्तरायण यांत आज सुमारे २४ दिवसांचे अंतर आहे. आपण ते राहू दिले.

एका सणाची चार नावे

‘ईस्टर’ हा शब्द इंग्रजीतून आला. आठव्या शतकातल्या बीड नावाच्या इंग्रज मठवासी विद्वानाने तो एओस्त्रे या जुन्या देवतेच्या महिन्यावरून आला असे लिहून ठेवले आहे. युरोपातल्या बहुतेक भाषा हा शब्द वापरत नाहीत. त्या पेसाहवरून आलेले ‘पास्का’ हे नाव वापरतात. पोर्तुगीज भाषेत ते ‘पास्कोआ’ होते. वसईकडच्या मराठी उपासनेतले ‘पास्का’ या घराण्यातले. कॅथलिक मराठीत आज त्याच्या जोडीला ‘पुनरुत्थान’ हा संस्कृत शब्द येतो, आणि सणाच्या दिवसाला पुनरुत्थान रविवार म्हणतात.

चौथा शब्द मला सर्वांत आवडतो, तो मराठी बायबलात पेसाहसाठी आलेला ‘वल्हांडण’. विल्यम केरी यांच्या सेरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार १८११ साली निघाला. त्यानंतर प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी आणि त्यांच्या मराठी सहकाऱ्यांनी भाषांतराचे काम शतकभर चालू ठेवले. पेसाहची मूळ कथा अशी : मिसर देशात गुलामीत असलेल्या इस्राएली लोकांनी आपल्या दाराच्या चौकटीला कोकराचे रक्त लावले, आणि मृत्यू त्या दारांवरून पुढे निघून गेला. त्याच रात्री ते निघाले आणि समुद्र ओलांडून सुटले. भाषांतरकारांनी ‘ओलांडणे’ या रोजच्या क्रियापदाशी नाते सांगणारा शब्द या सणाला दिला. उंबरा ओलांडतो, ओढा ओलांडतो, तसेच हे वल्हांडण. शब्दात धर्मशास्त्राचा मोठा आव नाही, आणि अर्थ मात्र अचूक उतरला आहे.

कोकणात या सणाला आणखी एक नाव होते, तेही मराठीच. अलिबाग-पेण भागात शेकडो वर्षे राहिलेले बेने इस्राएल, ज्यांना गावकरी शनिवार तेली म्हणत, ते पेसाहला ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत. अनाशी म्हणजे आंबट रसाचे भांडे. पेसाहच्या आठ दिवसांत आंबवलेले काही चालत नाही. म्हणून ते भांडे झाकून ठेवायचे. हिब्रू नाव विस्मरणात गेले तरी भांडे झाकण्याची कृती राहिली, आणि सणाला तिचेच नाव पडले. ईस्टरचा इतिहास सांगताना हे मुद्दाम नोंदवते, कारण सण टिकतो कसा याचे हे उत्तम उदाहरण आहे. तो स्वयंपाकघरात टिकतो, आणि घरातल्या भाषेत टिकतो.

पुराणाच्या ओव्यांतून

मराठीत ईस्टरची कथा पहिल्यांदा विस्ताराने सांगितली ती एका इंग्रजाने. फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूने ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून गलबत पकडले आणि २४ ऑक्टोबरला तो गोव्याला उतरला. जुन्या कॅलेंडरने गणित केले तर त्या वर्षी ईस्टर १९ एप्रिलला येतो. म्हणजे भारताकडे येतानाचा त्याचा ईस्टर समुद्रावर गेला. पुढची चाळीस वर्षे, मृत्यूपर्यंत, तो इथेच राहिला; बहुतेक काळ गोव्याच्या साष्टीत, आणि थोडा काळ वसईत.

त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापले गेले. ओव्या सुमारे अकरा हजार, लिपी रोमन, भाषा कोकणीची झाक असलेली मराठी. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना आपली जुनी पुराणे ऐकण्याची मनाई होती. मग आम्ही ऐकायचे काय, या त्यांच्या प्रश्नातून हा ग्रंथ झाला, असे त्यात सांगितले आहे. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात येशूचे चरित्र. दुःखसहन, मरण, पुनरुत्थान हा सारा भाग या दुसऱ्या पुराणात येतो. स्वर्गासाठी कवी ‘वैकुंठ’ हा शब्द सहज वापरतो. शाळेच्या पुस्तकांमुळे आपल्याला स्टीफन्सने केलेली मराठीची स्तुती तेवढी ठाऊक असते. त्याच्या कामाचा खरा पल्ला त्यापुढे आहे : ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत त्याने क्रूस आणि रिकामी कबर बसवली, आणि लोकांनी ती गायली.

हे चित्र एकरंगी नाही, हेही सांगितले पाहिजे. पोर्तुगीज अमलात देवळे पाडली गेली, धर्मांतरासाठी दडपण आणि जबरदस्तीही झाली. ज्या राजवटीत हे पुराण छापले गेले, त्याच राजवटीने पुढे भाषेवरही हात उगारला. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंदि द आल्व्हर याने गोव्यातल्या लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. क्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ च्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज आपल्या हाती नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे आणि गळ्यांमुळे. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी तो सोबत नेला, आणि तिथल्या हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली तो रोमन लिपीत पुन्हा छापला. सबंध ग्रंथ देवनागरीत आला तो त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, १९५६ साली, पुण्याहून, शांताराम बंडेलू यांच्या संपादनात. १९५६ हे साल वाचकांनी लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

खाडीचे दोन काठ

१५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. तेव्हा खाडीचे दोन्ही काठ एकाच सत्तेखाली होते. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. शरणागतीच्या कलमांत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेच्या उपासनेची तरतूद होती. युरोपीय मिशनरी गेले, आणि गावोगावच्या चर्चांची जबाबदारी मुख्यतः गोव्याच्या देशी धर्मगुरूंवर आली. राज्य गेले तरी सण गेला नाही. म्हणजे तोवर तो राज्याचा राहिला नव्हता, लोकांचा झाला होता. मला वाटते, या किनाऱ्यावरच्या ईस्टरच्या इतिहासातले हे सर्वांत महत्त्वाचे वळण आहे.

वसईच्या चर्चांतल्या घंटा मराठ्यांनी नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्या आजही पाहायला मिळतात. ज्या घंटा ईस्टरच्या आनंदासाठी ओतल्या होत्या, त्या शंकराच्या दारी वाजू लागल्या.

१७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी बेट घेतले आणि खाडी ही सरहद्द झाली : अलीकडे, म्हणजे भाईंदर-उत्तनच्या बाजूला इंग्रज, पलीकडे वसईत पेशवाई अखेरपर्यंत मराठे. अलीकडच्या काठावरच्या लोकांचा मुंबईशी, कंपनीच्या नोकऱ्यांशी आणि इंग्रजीशी संबंध आधी आला. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मुंबईच्या या मूळच्या कॅथलिकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. पलीकडच्या वसईत शेती-वाडी आणि मासेमारी करणारा समाज वाडवळी, सामवेदी, कोळी अशा आपापल्या बोलींत राहिला. आजही धर्मप्रांत दोन आहेत; हा काठ मुंबईचा, आणि पलीकडे १९९८ साली स्थापन झालेला वसईचा. ईस्टरच्या रात्री या दोन काठांवर भाषेचे प्रमाण वेगळे का असते, याचे उत्तर १७७४ पर्यंत मागे जाते.

चाळीस दिवस आणि तीन दिवस

सणाची तयारी राखेच्या बुधवारी सुरू होते. धर्मगुरू कपाळाला राख लावतो आणि माणूस मातीचा आहे याची आठवण देतो. ही राख येते कुठून? मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या आणि वर्षभर घराघरांत जपलेल्या झावळ्या जाळून. त्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत दिवस ४६ होतात. मधले सहा रविवार उपासाचे नसल्याने ते वजा केले की ४० उरतात. येशू चाळीस दिवस अरण्यात उपाशी राहिला, त्याचे हे स्मरण. या काळात लग्नाचे सोहळे टाळतात. चातुर्मासाची सवय असलेल्या आपल्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

अंड्याचा उलगडाही याच उपासात आहे. मध्ययुगीन युरोपात उपासकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. कोंबड्यांना ते ठाऊक नसल्याने अंडी साठत, आणि ईस्टरला त्यांचा सुकाळ होई. १२९० साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाच्या खर्चाच्या वहीत ईस्टरसाठी ४५० अंडी अठरा पेन्सला घेतल्याची नोंद आहे. कवच फोडून बाहेर येणारा जीव हा पुनरुत्थानाचा अर्थ त्याला जोडला गेला. मुंबईच्या बेकऱ्यांत आज काजू-बदामाच्या मार्झिपानची अंडी मिळतात. आपल्या उपनगरांतल्या मुलांना ईस्टर म्हटले की तेवढेच आठवते. ईस्ट इंडियन घरांत सणाच्या जेवणाला फुगे आणि बॉटल मसाल्यातले मटण हवेच.

मुख्य विधी तीन दिवसांचे. गुरुवारी संध्याकाळी शेवटच्या भोजनाचे स्मरण. येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतो. पाय धुणे हे दासाचे काम; गुरूने ते केले, हा त्यातला धडा. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला, तेव्हापासून या बारांत स्त्रियाही बसू शकतात. त्या मिस्सेत गौरवगीताच्या वेळी घंटा वाजतात आणि नंतर थेट ईस्टरच्या रात्रीपर्यंत मुक्या होतात. मधल्या काळात घंटेऐवजी लाकडी खडखडा वाजवण्याची जुनी रीत आहे. शुक्रवारी मिस्सा होतच नाही. दुपारी दुःखसहनाचे वाचन, क्रुसाची वंदना, गावातून क्रुसाची वाट. कित्येक घरांत त्या दिवशी नुसती पेज असते.

शनिवारी रात्री चर्चबाहेर अग्नी पेटवतात. त्यावरून पास्काची मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर त्या वर्षाचा आकडा कोरलेला असतो. अंधाऱ्या चर्चमध्ये ती आणली जाते, आणि एकेकाच्या हातातली मेणबत्ती तिच्यावरून पेटत जाते. दिव्यावरून दिवा लावणे म्हणजे काय, हे दिवाळी अंकाच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. मग जुन्या करारातली वाचने. ती वेळेनुसार कमी करता येतात. एक मात्र कधीही गाळायचे नसते, ते म्हणजे समुद्र ओलांडल्याचे. त्यानंतर गौरवगीत, दोन दिवसांच्या मौनानंतरच्या घंटा, पाण्याचा आशीर्वाद, आणि त्या पाण्याने बाप्तिस्मा. गुलामीतून सुटका, मरणातून जीवन, पाण्यातून नवा जन्म : तिन्ही गोष्टी ‘वल्हांडण’ या एका शब्दात मावतात.

शनिवारची सकाळ

आता १९५६ कडे येते. दहा-बारा वर्षांपूर्वी वसई तालुक्यातल्या एका गावात नव्वदीच्या घरातल्या एका आजींशी बोलत होते. त्या म्हणाल्या, “आमच्या लहानपणी ईस्टर शनिवारी सकाळीच व्हायचा. घंटा वाजल्या की दुपारी उपास सुटला.” घरातली मंडळी हसली. “आजी आता काहीही सांगते,” असे तिची नात मला म्हणाली. आजी गप्प झाल्या. मी वहीत लिहून घेतले. पुढे उत्तनच्या बाजूला आणखी दोन वृद्धांनी तेच सांगितले, तेव्हा शोध घेणे भाग पडले.

आजींचे शब्द अक्षरशः खरे होते. जागरणाचा विधी मुळात रात्रीचा. पण मध्ययुगात तो मागे मागे सरकत शनिवारच्या सकाळी आला. लखलखीत उन्हात अग्नी पेटवायचा आणि ‘ही ती रात्र’ या अर्थाचे लॅटिन गीत गायचे, असे कित्येक शतके चालले. उपासकाळही शनिवारी दुपारी बारा वाजता संपे. पोप बारावे पायस यांनी १९५१ साली रात्रीच्या विधीला प्रायोगिक परवानगी दिली, आणि नोव्हेंबर १९५५ च्या आदेशाने १९५६ पासून तो रात्रीच करण्याचा नियम झाला. त्या वर्षी ईस्टर १ एप्रिलला होता. म्हणजे क्रिस्तपुराण देवनागरीत आले त्याच वर्षी ईस्टरला त्याची रात्र परत मिळाली. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण साल एकच आहे.

तेव्हाही भाषा लॅटिनच होती. आजींना मी विचारले, तुम्हाला त्यातले काय कळायचे? त्या म्हणाल्या, “फादर काय म्हणायचा ते कुणाला कळत होतं? घंटा कळायच्या.” दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषेला दार उघडले. त्यानंतरच्या वर्षांत वसईच्या चर्चांतून मिस्सा मराठीत आली.

हिशेब मांडला तर असे दिसते. तिथी १७०० वर्षांपूर्वी ठरली, कॅलेंडर १५८२ मध्ये सुधारले, ओव्या १६१६ मध्ये छापल्या. परंतु रात्रीच्या अंधारात, अग्नी पेटवून, मराठीत साजरा होणारा ईस्टर हा जवळजवळ १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्याच्या वयाचा आहे. जी परंपरा आपण शतकानुशतकांची समजतो ती एका आजीच्या हयातीत घडली. आणि जे एका हयातीत मिळते ते एका हयातीत जाऊही शकते.

आता काय होते आहे

या मराठीला घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्यांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव आधी घ्यावे लागते. वसईतल्या नंदाखालचा जन्म, ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादन, हरित वसईचे आंदोलन, आणि ‘सुबोध बायबल’, ज्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. निवड जाहीर झाली तेव्हा विरोधाचे सूरही निघाले; ख्रिस्ती धर्मगुरू मराठी संमेलनाचा अध्यक्ष कसा, असा त्यांचा रोख होता. क्रिस्तपुराणाला तेव्हा चारशेहून अधिक वर्षे झाली होती. २५ जुलै २०२४ रोजी फादर गेले.

प्रश्न विचारणारे बाहेरचे होते. धोका मात्र मला आतून दिसतो, आणि तो फक्त ख्रिस्ती समाजाचा नाही. जेसल पार्कच्या काठावर, मीरा-भाईंदरच्या वाढत्या वस्तीत, गोवा, मंगळूर, केरळ अशा सगळीकडून आलेली कॅथलिक कुटुंबे एका चर्चमध्ये येतात. त्यांना जोडणारी भाषा इंग्रजी, हे समजण्यासारखे आहे. मुले इंग्रजी शाळेत, माझ्या इमारतीतल्या हिंदू मुलांइतकीच. आमच्या मजल्यावरच्या काकू मूळच्या उत्तनच्या. त्या प्रार्थना मराठीत म्हणतात आणि नातू इंग्रजीत. दोघांचे ‘आमेन’ तेवढे एका वेळी येते. ‘राखेचा बुधवार’, ‘झावळ्यांचा रविवार’, ‘क्रुसाची वाट’ हे शब्द नातवाने ऐकले आहेत, वापरले नाहीत. शब्दकोशात असले शब्द क्वचित सापडतात, कारण आपण त्यांना मराठीच्या मुख्य दालनात कधी घेतलेच नाही. नगरकडच्या ना. वा. टिळकांना आपण साहित्यात मान दिला. वसई-उत्तनच्या आयाबायांच्या तोंडातल्या मराठीला तो मिळाला नाही.

बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले आणि ‘अनाशी ढाकाचा सण’ हे शब्द पुस्तकात राहिले. ‘शनिवारी सकाळचा ईस्टर’ आठवणारी पिढी आज ऐंशीच्या पुढे आहे. ज्या आजींनी मला ते सांगितले त्या आता नाहीत. त्यांच्या नातीला मी त्या जुन्या आदेशाची हकिकत कळवली. “आजीला सांगायला हवं होतं,” एवढेच ती म्हणाली.

२०२६ साली २ एप्रिलला, ईस्टरआधीच्या गुरुवारी, हनुमान जयंती. दरवर्षी या गुरुवारी संध्याकाळी खाडीच्या दोन्ही काठांवरच्या चर्चांत बारा जणांचे पाय धुतले जातात आणि घंटा बंद होतात. शनिवारी रात्री त्या पुन्हा वाजतात. ज्यांच्या शेजारी असे एखादे वृद्ध माणूस आहे, त्यांनी त्याआधी एकदा त्यांच्याजवळ बसावे, आणि त्यांच्या लहानपणी त्या दिवशी घरात काय शिजत असे, काय गात असत, कोणत्या गोष्टीला काय म्हणत, हे विचारावे. उत्तर चुकीचे वाटले तरी लिहून घ्यावे.